तिसऱ्या पुलापुढचं सव्वा किलोमीटर

सिंगापूरमध्ये डोंगर नाहीत. जे आहेत त्यांना डोंगर म्हटलं तर फलटणची माणसं हसतील, आणि माझे बाबा हसलेच. आम्ही राहतो त्या भागाचं नाव बुकित बातोक. बुकित म्हणजे मलय भाषेत टेकडी. न्यूझीलंडला निघण्यापूर्वीचे सहा आठवडे मी बाबांना रोज संध्याकाळी त्या टेकडीवर चालायला नेत होते. नवे बूट पायाला सवयीचे व्हावेत, हा एक हेतू. दुसरा हेतू, बाबा खरोखर किती चालू शकतात ते मला बघायचं होतं. मी ऑफिसातून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, येईपर्यंत ते व्हॉइड डेकवर (इमारतीच्या तळाशी असलेली मोकळी जागा) बूट घालून बसलेले असायचे. लगेच निघायचं आणि सातला घरी. सात म्हणजे सात. विषुववृत्ताशेजारच्या या गावात बाराही महिने सातच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि एकदा मावळला की रेंगाळत नाही. दुकानाचं शटर ओढावं तसा अंधार पडतो. सव्वीस वर्षं मी इथे राहते आहे. माझं सगळं आयुष्य त्या सातच्या ठोक्याला बांधलेलं आहे.

बाबा शहात्तर वर्षांचे. फलटणच्या एका शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले. आई गेल्यापासून वर्षातले तीन महिने माझ्याकडे येऊन राहतात. नववीच्या वर्गाला 'हिमनदीचे कार्य' हा धडा असायचा, आणि त्या दिवशी बाबा घरून रंगीत खडूंची डबी न्यायचे. निळ्या खडूने हिमनदी, तपकिरी खडूने तिने दोन्ही बाजूंना लोटलेला दगडमातीचा ढीग, म्हणजे हिमोढ. मधे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची दरी. मीही त्या वर्गात होते, म्हणून सांगते, फळ्याकडे बघून अंगावर गारवा यायचा. मग कोणीतरी हमखास विचारायचं, "सर, तुम्ही बघितलीय का हिमनदी?"

"अजून नाही," बाबा म्हणायचे.

चौतीस वर्षं त्यांनी हेच उत्तर दिलं. एकदा गंगोत्रीला निघाले होते, पण वाटेत दरड कोसळली आणि ऋषिकेशहूनच परतावं लागलं. पुढे डॉक्टरांनी उंचावर जायला बंदी केली. मी सिंगापूरला स्थिरावल्यावर कुठेतरी वाचलं की न्यूझीलंडमध्ये एक अशी दरी आहे, जिथे चढण जवळजवळ नाही, वाट नीट बांधलेली आहे, उंचीचा त्रास नाही, आणि चालत गेलं की शेवटी एका तळ्यापाशी हिमनदी समोर येते. जायला पाच किलोमीटर, यायला पाच. मी बाबांना म्हटलं, पुढच्या डिसेंबरात जाऊ. सलग सात वर्षं दर डिसेंबरात मी हेच म्हणत होते. मी एका बँकेच्या संगणक विभागात काम करते, आणि डिसेंबर आला की तिथे काही ना काही उपटतंच. बाबा दर वेळी म्हणायचे, "काही हरकत नाही, ती काय पळून जातेय?" भूगोलाच्या मास्तरांना चांगलं माहीत होतं की ती पळून जाते आहे, दर वर्षी थोडी थोडी मागे सरकते आहे.

मग त्या वर्षी साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही गुडघे बदलावे लागतील. ऑपरेशननंतर शहात्तरीचा माणूस किती चालेल याची खात्री नाही. मी त्याच आठवड्यात तिकिटं काढली. नवऱ्याला, समीरला, रजा नव्हती आणि लेक ईशाचा शाळेचा कॅम्प होता, म्हणून आम्ही दोघंच निघालो. माझा चेहरा बघून ईशा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, डोन्ट वरी सो मच लाह. आजोबा कॅन वन." बाबांना त्यातलं 'कॅन', म्हणजे जमेल, तेवढं कळलं आणि तेवढं त्यांना पुरलं.

रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळी ख्राइस्टचर्चला उतरलो. विमानात बाबा झोपले नाहीत, खिडकीला नाक लावून बसले होते. विमानतळावर पहिला अपघात झाला. या देशात बाहेरची माती, बिया, खाण्याचे पदार्थ आत येऊ नयेत म्हणून फार कडक तपासणी असते. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मेतकूट प्रामाणिकपणे लिहून दिलं होतं, पण सहा आठवडे बुकित बातोकची माती खाल्लेले बूट मात्र साफ विसरले. तपासणीच्या बाईंनी बूट उलटे केले, मान हलवली आणि आत घेऊन गेल्या. बाबांचा जीव खालीवर. पंधरा मिनिटांनी त्या बूट धुऊन, तळवे घासून परत घेऊन आल्या आणि हसून म्हणाल्या, "आता चालायला तयार आहेत." पुऱ्या आणि मेतकूटही मिळालं.

"सरकारी माणसाने माझे बूट धुतले," बाबा बाहेर आल्यावर म्हणाले. "हे फलटणमध्ये कोणाला खरं वाटणार नाही."

मोटेलवर पोचलो आणि जाड पडदे ओढून दुपारी चारलाच झोपलो. जाग आली ती पहाटे. दुसऱ्या दिवशी गाडी भाड्याने घेऊन निघालो. इथे वाहनं आपल्यासारखी डावीकडून जातात, त्यामुळे मला भीती वाटली नाही. आधी सपाट शेतं, मेंढ्या, मग पिवळ्या गवताचे गोल गोल डोंगर, आणि एका वळणानंतर अचानक एक तळं. त्याचा रंग मला नीट सांगता येत नाही. निळ्यात दूध कालवलं तर जो होईल, तो. मी गाडी बाजूला घेतली. बाबा काठी टेकत काठापर्यंत गेले, ओंजळीत पाणी घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"खडकाचं पीठ आहे हे," ते म्हणाले. "हिमनदी खाली सरकताना खडक दळते. जात्यासारखी. ते पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावर ऊन पडलं की हा रंग दिसतो. मी पोरांना सांगायचो, पण माझा माझ्यावरच विश्वास बसायचा नाही."

मी फोटो काढण्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

दुपारी अडीचला डोंगरांच्या पायथ्याचं गाव आलं. गाव म्हणजे काय, थोडी घरं, काही मोटेलं, आणि मान मोडेपर्यंत वर बघायला लावणारे बर्फाचे कडे. सगळ्यात उंच शिखराला इथले मूळचे लोक आओराकी (ढगांना छेदणारा) म्हणतात. आमचा बेत दुसऱ्या दिवशी सकाळी चालायचा होता. पण मोटेलच्या मालकीणबाईंनी खिडकीतून आकाशाकडे बोट दाखवलं. साठीच्या पुढच्या, गमबूट घातलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई.

"उद्या पाऊस आहे. डोंगर दिसणार नाहीत. जायचं तर आज जा."

"आत्ता? तीन वाजत आले."

"मग? भरपूर वेळ आहे तुमच्याकडे."

मला ते बेफिकिरीचं वाटलं. तरी मनातल्या मनात गणित केलं. बाबांच्या चालीने जायला अडीच तास, यायला अडीच. पावणेचारला निघालो तर उशीरच होणार होता, पण परवा सकाळी ख्राइस्टचर्चहून परतीचं विमान होतं. म्हणजे उद्या सकाळी दहाला हे गाव सोडणं भाग होतं. आज नाही तर कधीच नाही. मी पिशवीत पुऱ्या, आल्याच्या चहाचा थर्मास आणि डोक्याला बांधायचे दोन दिवे टाकले. अंधाराची तयारी ठेवलेली बरी, असं म्हणाले. बाबांनी दिव्यांकडे बघितलं आणि बूट घालायला घेतले.

वाट खरोखरच सोपी होती. रुंद, खडी पसरलेली, कुठे ओलं असेल तिथे लाकडी फळ्या. दोन्ही बाजूंना गवतात पांढरी फुलं. पहिल्या अर्ध्या तासात बाबा माझ्यापुढे होते. दर शंभर पावलांवर थांबून काठीने दाखवायचे. "हा बघ, हा बाजूचा हिमोढ. आणि ही दरी बघ, यू आहे का नाही? चौतीस वर्षं मी हे फळ्यावर जरा जास्तच अरुंद काढलं." डावीकडच्या कड्यावरून मधूनच गडगडाट व्हायचा, बर्फ कोसळल्याचा, पण बघावं तोवर काहीच दिसायचं नाही. बाबा हात वर करून मला गप्प करायचे आणि ऐकत राहायचे.

पहिला झुलता पूल आला. खाली राखाडी पाणी उकळल्यासारखं धावत होतं. बाबा दोन्ही हातांनी तारा धरून, ओठ घट्ट मिटून पार झाले. दुसऱ्या पुलानंतर ते मागे पडायला लागले. "बाबा, दुखतंय का?" असं मी तीनदा विचारलं. "छे, बघतोय मी," हेच उत्तर तिन्ही वेळा मिळालं. वाटेतल्या एका छपराखाली बसून आम्ही पुऱ्या खाल्ल्या, चहा प्यायलो. तिथून आओराकी पूर्ण दिसत होता. बाबांनी त्याच्याकडे बघत पुरीचा तुकडा हातातच धरून ठेवला होता.

तिथून पुढे त्यांची चाल आणखी मंदावली. पश्चिमेच्या कड्यांआड सूर्य गेला, वर ढगही जमले, आणि दरीत सावली उतरली. हवा एकदम गार झाली. तिसरा पूल ओलांडला तेव्हा मी घड्याळ बघितलं. सात वाजायला वीस मिनिटं कमी होती.

अनोळखी देश, पाण्यावरचे हलते पूल, बरोबर शहात्तर वर्षांचे वडील, आणि वीस मिनिटांत अंधार.

"बाबा, सात वाजत आले. आता अंधार पडेल."

बाबांनी आकाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पडेल म्हणतेस?"

"म्हणजे काय! सात वाजत आले." मी फोनमधला नकाशा उघडला. "तळं अजून सव्वा किलोमीटर आहे. तुमच्या चालीने पाऊण तास. मग परत यायचं. बाबा, मला नाही धाडस होत."

मला वाटलं होतं ते वाद घालतील. मनातून मला तेच हवं होतं. पण ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. पुढची वाट एका दगडी उंचवट्याआड वळत होती. त्या उंचवट्याच्या पलीकडे ते तळं होतं.

"मग फिरू या," ते म्हणाले.

"बाबा, सव्वाच किलोमीटर राहिलंय हो."

"राहू दे."

आम्ही फिरलो. मी माझ्या डोक्याला दिवा बांधला, बाबांच्याही बांधला. वाटेत एक कुटुंब समोरून आलं. बापाच्या पाठीवर तान्हं मूल, आईचा हात धरून चार वर्षांची मुलगी, सगळे तळ्याच्या दिशेला निघालेले. मला राहवेना. मी त्यांना थांबवून सांगितलं की आत्ता जाऊ नका, अंधार होईल, लहान मुलं आहेत बरोबर. त्या माणसाने माझ्या कपाळावरच्या जळत्या दिव्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, "काळजी करू नका, आम्ही येऊ नीट." पुढे गेल्यावर ती छोटी मुलगी आईला काहीतरी विचारत होती आणि आई हसू दाबत होती. मी बाबांना म्हटलं, काय बेजबाबदार लोक आहेत. बाबा खाली बघून चालत होते.

सात वाजले. सव्वासात झाले. मी पुन्हापुन्हा म्हणत होते की आता बघा, आता पडेल. साडेसातच्या सुमाराला आम्ही दुसऱ्या पुलापाशी आलो आणि ढग फाटले. समोरच्या पूर्वेकडच्या डोंगरांवर ऊन पडलं. मिणमिणतं नाही, चांगलं लख्ख, दुपारी चारचं असावं तसं. माझ्या कपाळावर दिवा जळत होता आणि समोर ऊन होतं.

मी जागच्या जागी थांबले. डिसेंबर. दक्षिण गोलार्ध. उन्हाळा. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितका उन्हाळ्यातला दिवस मोठा. हे मला ज्यांनी शिकवलं ते माझ्या मागून, कपाळावर दिवा लावून, काठी टेकत येत होते.

"बाबा, इथे सूर्य कधी मावळतो?"

"साडेनऊ. त्यानंतरही अर्धा तास उजेड असेल."

"तुम्हाला माहीत होतं?"

"भूगोल शिकवलाय मी, वृंदा."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला होता. "वेड्यासारखी मी दिवे काय लावतेय, लोकांना काय अडवतेय, आणि तुम्ही गप्प! अडीच तास होते आपल्याकडे. आपण पोचलो असतो!"

बाबा पुलाच्या खांबाला टेकले. त्यांनी हळूच विजार वर केली. उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता.

"पहिल्या पुलापासून दुखतोय," ते म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू तिथूनच परत नेलं असतंस. म्हणून नाही सांगितलं. तिसऱ्या पुलाशी आलो तेव्हा कळलं की पुढे गेलो तर परत येणं जमायचं नाही. तेवढ्यात तूच म्हणालीस, अंधार पडेल. मला सुटल्यासारखं झालं बघ."

"सुटल्यासारखं?"

"इतकी वर्षं जायचं जायचं म्हणत होतो. माझ्या पायांनी नाही म्हटलं, हे मला माझ्या तोंडाने म्हणायचं नव्हतं. अंधाराने म्हटलेलं चाललं असतं."

मला रडू आलं. राग त्यांच्यावर नव्हता. सात डिसेंबर मी त्यांना हेच तर सांगत आले होते. उशीर झालाय, वेळ नाही, पुढच्या वर्षी. सात वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे चांगले होते. तेव्हा आलो असतो तर ते माझ्यापुढे धावत त्या तळ्यावर पोचले असते. उजेड तेव्हाही भरपूर होता, मीच घड्याळ बघून अंधार ठरवत होते. हे मी त्यांना बोलून दाखवलं, रडत रडत, त्या पुलावर. बाबांनी माझ्या कपाळावरचा दिवा बंद केला.

"चल," ते म्हणाले. "भात लावायचाय. मेतकूट आहे ना?"

गाडीपाशी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड होता.

सकाळी पाचला गजर लावून उठले. बाबा जागेच होते. मी म्हटलं, जरा पाय मोकळे करून येते. ते फक्त म्हणाले, "चहा घेऊन जा, गार आहे." मालकीणबाई म्हणाल्या होत्या तसाच पाऊस होता, बारीक, तिरका. डोंगर कुठेच दिसत नव्हते. एकटी होते म्हणून भराभर चालले. तिन्ही पूल ओलांडले, काल फिरलो ती जागा ओलांडली, उंचवटा ओलांडला.

तळं राखाडी होतं. त्यात घराएवढे दोनतीन हिमनग, काठाशी लहान लहान तुकडे. पलीकडच्या टोकाला, पावसाच्या पडद्यातून, दगडमातीने माखलेली एक काळपट भिंत अस्पष्ट दिसत होती. हिमनदी ती. बाबांच्या फळ्यावर ती निळी होती आणि दरीभर होती. इथे मी उभी होते त्या जागीही एके काळी बर्फच असणार, आता पाणी होतं. सुंदर होतं की नाही मला कळेना. ज्याने बघायला हवं होतं तो माणूस बरोबर नव्हता, आणि त्याच्याशिवाय मला ते नीट बघता येत नव्हतं. मी उभ्या उभ्या चहा प्यायले. मग हातातल्या रिकाम्या थर्मासकडे माझं लक्ष गेलं.

काठाशी वाकून मी बर्फाचा एक तुकडा उचलला. काचेसारखा पारदर्शक, आत बारीक बुडबुडे. थर्मासच्या तोंडातून तो जाईना. दगडावर ठेवून दगडाने फोडला, बोटं बधिर झाली, पण तुकडे भरले. वर तळ्याचं घोटभर पाणीही ओतलं. आणि मग पाच किलोमीटर मी जवळजवळ पळत आले. पन्नाशीची बाई, पावसात, थर्मास छातीशी धरून. एका पुलावर समोरून येणाऱ्या दोघांनी बाजूला होऊन मला वाट दिली.

बाबा खोलीत पाय स्टुलावर ठेवून बसले होते. मी टेबलावरच्या काचेच्या वाडग्यात थर्मास उपडा केला. तुकडे लहान झाले होते, पण होते.

बाबा बघत राहिले. मग त्यांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला, उलटसुलट केला आणि कानाशी नेला.

"ऐक," ते म्हणाले.

मीही कान लावला. आतून बारीक तडतड येत होती.

"आत कोंडलेली हवा सुटतेय. बर्फ पडला तेव्हाची. आपल्या सगळ्यांच्या जन्माआधीची." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. "दिसते कशी गं ती?"

मी खरं सांगितलं. लांब होती, काळी होती, पावसात धड दिसली नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनतीन प्रश्न विचारले, भिंतीची उंची, हिमनगांचा रंग, पाणी किती गढूळ. परीक्षा घ्यावी तसे. माझी अर्धी उत्तरं चुकीची असावीत.

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, उरलेले तुकडे त्यात गुंडाळले आणि ती पुरचुंडी सरळ उजव्या गुडघ्यावर ठेवली.

"अहो बाबा, काय करताय!"

"शेक नको का द्यायला? डॉक्टर काय वेगळं सांगणार आहेत?" आणि ते हसायला लागले. "पन्नास वर्षं तिच्याकडे जायचं म्हणत होतो, शेवटी तीच आली गुडघ्यापर्यंत."

आम्ही दोघंही इतके हसलो की मालकीणबाई दार वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना. दहाला निघालो. रुमाल सुकल्यावर त्यावर करड्या रंगाचा एक डाग राहिला होता. बाबांनी तो घडी करून वहीत ठेवला.

परतीच्या विमानात ते समुद्र लागल्यावर म्हणाले, "तिसऱ्या पुलापासून किती राहिलं होतं म्हणालीस?"

"सव्वा किलोमीटर."

त्यांनी मान हलवली आणि खिडकीकडे वळले.

घरी आल्यावर ईशाने पहिला प्रश्न तोच विचारला. "सो हाउ, आजोबा? ग्लेशियर बघितला ऑर नॉट?"

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला वाटलं ते बर्फाची गोष्ट सांगतील, गुडघ्याची सांगतील.

"अजून नाही," बाबा म्हणाले.

जानेवारीत ते फलटणला परत गेले, फेब्रुवारीत ऑपरेशन झालं, आधी एक गुडघा, मग दुसरा. मी दोन्ही वेळा जाऊन आले. इथे पुन्हा ऑफिस, एमआरटी, संध्याकाळचे सात. पण आता सात वाजले की मला चैन पडत नाही. गॅलरीतून समोरच्या इमारतींचे दिवे लागताना दिसतात, शटर ओढल्यासारखा अंधार पडतो, आणि मला वाटत राहतं की कुठेतरी अजून अडीच तास उजेड आहे आणि आम्ही उगाच मागे फिरलोय.

परवा अशाच वेळी बाबांचा फोन आला. चालण्याबद्दल सांगत होते. कालव्याच्या कडेने रोज जातात, काठी आता नुसती हातात असते.

"डॉक्टर म्हणतात, एक किलोमीटर पुरे. मी म्हटलं, नाही, सव्वा. सव्वा जायचं आणि सव्वा यायचं. आज न थांबता झालं."

बाहेर पूर्ण अंधार पडला होता.

"बाबा," मी म्हटलं, "डिसेंबरमध्ये तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो."

"मला सांगतेस?" बाबा म्हणाले.